शांत पाण्यात मोडलेलं जहाज : ‘स्केनेक्टडी’चं प्रकरण

16 जानेवारी 1943 ची रात्र. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात पोर्टलंड शहराजवळ, विलामेट नदीच्या धक्क्याला बांधलेला एक नवाकोरा तेलवाहू टँकर मधोमध मोडला. वादळ नव्हतं, लाट नव्हती, टक्कर नव्हती. युद्धाचे दिवस असले तरी टॉर्पेडोचा प्रश्नच नव्हता. आवाज मैलभर ऐकू गेला. डेकवरचा तडा दोन्ही कुशींनी खाली उतरत थेट कण्यापर्यंत गेला आणि कणाही तुटला. तळाच्या प्लेटा तेवढ्या टिकल्या, त्यांची जणू बिजागरी झाली आणि जहाज तिच्यावर दुमडलं. मधला भाग पाण्यातून वर आला, पुढचं आणि मागचं टोक नदीच्या तळाला टेकलं.

जहाजाचं नाव ‘एस. एस. स्केनेक्टडी’. लांबी सुमारे 160 मीटर, जात टी-2 टँकर. उद्योजक हेन्री कैसर यांच्या स्वान आयलंड गोदीत 1 जुलै 1942 ला काम सुरू झालं, 24 ऑक्टोबरला ते पाण्यात उतरलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी पूर्ण झालं. समुद्रातल्या चाचण्याही त्याने पार केल्या होत्या. बाहेर तगलेलं जहाज घरच्या धक्क्याला येऊन मोडलं.

त्या रात्रीचे दोन आकडे लक्षात ठेवायचे. पाण्याचं तापमान 4 अंश सेल्सिअस, डेकचं अंदाजे उणे 3.

तिसरा आकडा नंतर हिशेब करून काढला गेला. जहाजातला भार असा वाटला गेला होता की दोन्ही टोकं जड आणि मध्य हलका. पाणी मध्याला वर उचलतं, टोकं खाली ओढतात, त्यामुळे डेक ताणला जातो. हा ताण निघाला चौरस इंचाला सुमारे 9,900 पौंड, म्हणजे अंदाजे 68 मेगापास्कल. जहाजाचं पोलाद कायमचं वाकायला लागायचं ते 220 मेगापास्कलच्या पुढे आणि तुटायचं 400 च्या आसपास. कागदावर बघायचं तर ओझं वाकण्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नव्हतं, जहाज मोडायलाच नको होतं.

मला हे प्रकरण आवडतं ते इथेच. ताकदीचं गणित चुकलं असतं तर गोष्ट दोन ओळींत संपली असती. गणित बरोबर होतं. विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

खापर कोणावर?

पहिला संशय वेल्डिंगवर गेला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. युद्धाआधी जहाजं रिव्हेट ठोकून जोडली जात. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या त्याहून जास्त वेगाने नवी बांधायची म्हणून अमेरिकेने सरसकट वेल्डिंग धरलं. लिबर्टी जातीची 2,710 मालवाहू जहाजं याच धडाक्यात तयार झाली. त्यांतलं ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे तर नोव्हेंबर 1942 मध्ये प्रसिद्धीसाठी म्हणून पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरवलं होतं. कालपर्यंत दुकानात किंवा शेतात राबणारी माणसं आज हातात वेल्डिंगचा होल्डर धरून उभी होती. अशा घाईत जोड कच्चे राहणारच, आणि स्केनेक्टडीतही सदोष वेल्ड सापडले. खापर फोडायला डोकं आयतं मिळालं.

मग मार्च 1943 मध्ये दुसरं डोकं मिळालं. हॅरी ट्रूमन तेव्हा सिनेटर होते. युद्धाच्या खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या त्यांच्या समितीपुढे असं बाहेर आलं की कार्नेगी-इलिनॉय कंपनीच्या आयर्विन कारखान्यात पोलादाच्या चाचण्यांचे आकडे खोटे लिहिले जात होते. स्केनेक्टडीचं पोलादही या वादात ओढलं गेलं. वर्तमानपत्रांना खलनायक सापडला.

खोटे आकडे लिहिणं गुन्हाच, त्याची बाजू घ्यायची नाही. पण समजा प्रत्येक आकडा खरा असता. प्रत्येक प्लेट चाचणीत उत्तीर्ण झाली असती. तरी जहाज वाचलं असतं का? माझं उत्तर नाही असं आहे. कारण त्या काळच्या नियमांत जहाजाच्या प्लेटची परीक्षा होती ओढून तोडायची आणि वाकवून बघायची. तीही कारखान्यातल्या उबदार हवेत, गुळगुळीत नमुन्यावर, सावकाश ओढून. स्केनेक्टडीचा डेक मात्र थंड होता, त्यावर कोपरे आणि खाचा होत्या, आणि शेवटी तो एका झटक्यात फाटला. परीक्षेतल्या तिन्ही अटी प्रत्यक्षाच्या उलट.

गूळ, कापड आणि गोधडी

मेटलर्जीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही टेन्साइल टेस्ट, म्हणजे ओढून तोडायची परीक्षा, पहिल्यांदा केली, तेव्हा मऊ पोलादाचा गज तुटायच्या आधी मध्ये बारीक होत गेला, जणू त्याला मान फुटली, आणि मग ‘टप्’ करून तुटला. पोलाद किती समजूतदार धातू आहे असं वाटलं होतं. तुटण्याआधी सांगतो. पुढच्याच आठवड्यात चार्पी टेस्ट होती. 55 मिलिमीटर लांबीचा, 10 मिलिमीटर जाडीचा चौकोनी तुकडा, त्याला 2 मिलिमीटरची इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, आणि समोरून सुटणारा जड लोलक. तुकडा तोडताना लोलकाची किती ऊर्जा खर्ची पडली ते काट्यावर दिसतं. खोलीतल्या तापमानाचा नमुना वाकून, फाटून, नाखुशीने तुटला. मग लॅबमधल्या मामांनी बर्फ आणि खडेमीठ कालवलेल्या बादलीतून त्याच पट्टीचा दुसरा नमुना चिमट्याने काढून पटकन ठेवला. लोलक जवळजवळ न अडखळता पलीकडे गेला. तुटलेलं तोंड साखरेच्या खड्यासारखं चमकत होतं. तोच धातू, तीच पट्टी.

गुळाची ढेप आठवा. उन्हाळ्यात सुरीने कापता येते, बोटाने दाबली तर खड्डा पडतो. ऐन थंडीत तिच्यावर बत्ता मारावा लागतो आणि ती खळकन फुटते. लोखंडाचंही असंच काहीसं होतं, फक्त त्यामागचं कारण वेगळं आहे.

लोखंडाच्या स्फटिकात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागी असतो. धातू वाकतो म्हणजे या रचनेतल्या उणिवा, ज्यांना डिसलोकेशन म्हणतात, त्या थरांवरून सरकतात. लोखंडात हे सरकणं सोपं नाही. त्याला उष्णतेमुळे होणाऱ्या अणूंच्या थरथरीची मदत लागते. तापमान उतरलं की ही मदत आटते आणि धातू वाकवायला लागणारा ताण भराभर चढतो. स्फटिक ठरावीक पातळीवर सरळ दुभंगायला लागणारा ताण मात्र तापमानाने फारसा बदलत नाही. एक रेषा चढती, दुसरी जवळपास आडवी. त्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या तापमानाखाली धातू वाकायच्या आधी दुभंगतो. अॅल्युमिनियम किंवा ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टीलमध्ये अणूंची मांडणी वेगळी असते, डिसलोकेशन थंडीतही सहज सरकतात, म्हणून तिथे असं वळण येत नाही. द्रवरूप नैसर्गिक वायूच्या उणे 162 अंशांच्या टाक्यांसाठी हे धातू चालतात आणि साधं पोलाद चालत नाही, ते याच कारणाने.

आता खाच. कापडवाला पाच मीटर कापड फाडून देतो तेव्हा आधी कात्रीने कडेला बोटभर चीर पाडतो. त्या चिरेशिवाय दोन्ही हातांनी कितीही ओढलं तरी कापड हलत नाही. चिरेच्या टोकाशी ताण गोळा होतो. धातूत आणखी एक गोष्ट घडते : खाचेच्या मुळाशी धातू तिन्ही दिशांनी जखडलेला असतो, त्याला बाजूने आकसायला वाव नसतो. म्हणून तिथे वाकायला लागणारा ताण साध्या गजाच्या दुपटीहून पुढे जाऊ शकतो. म्हणजे चढती रेषा आणखी वर सरकते आणि दोन रेषांचा छेद जास्त उबदार तापमानाला येतो. अचानक झटका बसला तरी हेच होतं. गुळगुळीत गज उणे शंभरालाही वाकेल, पण त्याच पोलादाची खाच असलेली जाड प्लेट साध्या थंडीत काचेसारखी फुटेल.

वेल्डिंगचा खरा दोष कळायला कापडाची उपमा पुढे न्यावी लागते. रिव्हेटचं जहाज म्हणजे गोधडी. एका तुकड्यात चीर गेली तर ती शिवणीपाशी थांबते, पलीकडे दुसरा तुकडा असतो. वेल्ड केलेलं जहाज म्हणजे अख्खं ठाण. तड्याला प्लेट संपल्याचं कळतच नाही. पूर्वीही प्लेटा तडकत असणार, पण तडा रिव्हेटच्या रांगेपर्यंत जाऊन थांबला की दुरुस्ती करून जहाज पुढे जायचं. पोलादातला दोष जुनाच होता. शिवणी त्याला झाकून ठेवत होत्या.

तुटलेल्या प्लेटांनी काय सांगितलं

ठिसूळ तडा आपली वाट लिहून ठेवतो. तुटलेल्या तोंडावर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रेषा उमटतात आणि त्यांची टोकं तडा जिथून आला त्या दिशेला असतात. त्यांच्या मागे मागे गेलं की उगमाची जागा सापडते. मोडलेल्या जहाजांत ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडायची : हॅचचा, म्हणजे डेकमधल्या मोठ्या तोंडाचा, चौकोनी कोपरा, नाहीतर कच्चा वेल्ड.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत मॉर्गन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी तडकलेल्या जहाजांतून शंभरावर प्लेटा मिळवल्या आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्यात तडा जिथे सुरू झाला त्या प्लेटा, दुसऱ्यात तो ज्यांतून आरपार गेला त्या, तिसऱ्यात तो जिथे थांबला त्या. ही वाटणीच मला या सगळ्या कामातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. निसर्गाने प्रयोग करून ठेवलाच होता, यांनी फक्त उत्तरपत्रिका वेगळ्या केल्या. ओढून तोडायच्या परीक्षेत तिन्ही गट सारखेच होते. चार्पीत मात्र ते सुटे झाले. अपघाताच्या तापमानाला ज्या प्लेटा 15 फूट-पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 20 ज्यूलपेक्षा, कमी ऊर्जा घेत होत्या त्यांच्यातच तडे सुरू झाले होते. तडा थांबवणाऱ्या प्लेटा साधारणपणे याच्या वरच्या. चार्पी परीक्षा फ्रान्समध्ये 1901 पासून माहीत होती. जहाजाच्या प्लेटला ती कोणी लावली नव्हती, एवढंच.

अटलांटिकच्या पलीकडे केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर याच प्रश्नामागे होत्या. इंजिनीअरिंग विभागात पूर्ण वेळ काम करणाऱ्या त्या तेव्हा एकट्याच बाई. पती जॉर्ज टिपर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते, त्यामुळे त्यांचं नाव आपल्याकडच्या भूगर्भशास्त्राच्या जुन्या अहवालांत भेटतं. कॉन्स्टन्सबाईंनी दाखवलं की ठरावीक तापमानाखाली हे पोलाद चिवटपणा सोडून ठिसूळ होतं, आणि त्यासाठी वेल्ड असावाच लागतो असं नाही. वेल्डिंगला अर्धी क्लीन चिट मिळाली ती इथे. बाई शंभरी ओलांडून 1995 मध्ये गेल्या.

पोलाद ठिसूळ का होतं याची उत्तरंही हळूहळू जमली. कार्बन जास्त, मँगनीज कमी, हे पहिलं. प्लेट जाड, म्हणून लाटून झाल्यावर सावकाश निवलेली आणि त्यामुळे भरड कणांची (कण म्हणजे धातूतले सुटे स्फटिक), हे दुसरं. कण जितका बारीक तितकं पोलाद बळकट, हा नियम हॉल यांनी 1951 मध्ये आणि पेच यांनी 1953 मध्ये मांडला. बारीक कणांची खरी किमया अशी की ते बळ आणि चिवटपणा दोन्ही एकदम वाढवतात. इतर बहुतेक उपायांत एक मिळवायला दुसरं गमवावं लागतं.

एक ढोबळ हिशेब

काचेतल्या बारीक तड्यांवर ग्रिफिथ यांनी 1920 च्या सुमारास काम केलं होतं, पण ते धातूला लावता येतं हे पटायला जहाजं मोडावी लागली. वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत जॉर्ज अर्विन यांनी 1950 च्या दशकात ते इंजिनीअरच्या हाती येईल असं केलं. सूत्र छोटं आहे : तड्याच्या टोकावरची तीव्रता म्हणजे ताण गुणिले (π गुणिले तड्याची अर्धी लांबी) याचं वर्गमूळ. ही तीव्रता धातूच्या चिवटपणाहून वाढली की तडा सुटतो.

थंड, भरड पोलादाचा चिवटपणा 45 मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर धरू. हा अंदाज माझा, पण अशा पोलादाला शोभेल असा. ताण 68 धरला तर धोकादायक तड्याची अर्धी लांबी येते सुमारे 14 सेंटिमीटर. म्हणजे टोकापासून टोकापर्यंत 28. एवढा मोठा तडा कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. मग?

वेल्ड निवताना आकसतो आणि स्वतःभोवती ताण कोंडून ठेवतो. हा ताण पोलाद वाकायच्या मर्यादेइतका असू शकतो. आता 68 च्या जागी 250 टाका. अर्धी लांबी एकदम 1 सेंटिमीटरवर येते. वेल्डमधला नखाएवढा दोष पुरतो. कोंडलेला ताण वेल्डच्या आसपास काही सेंटिमीटरच असतो हे खरं, पण तेवढं धावून झाल्यावर तडा स्वतःच लांब झालेला असतो, आणि धावत्या तड्यापुढे पोलाद आणखी ठिसूळ वागतं. मग बाहेरचा मामुली ताणही त्याला पुढे ढकलायला पुरतो. असा तडा सेकंदाला हजार मीटरच्या पुढे पळतो. स्केनेक्टडीची रुंदी वीस मीटरच्या आसपास. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं.

इथे एक मतभेद नोंदवायला हवा. या जहाजांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळाने 1946 च्या अंतिम अहवालात कोंडलेल्या ताणांना फारसं महत्त्व दिलं नव्हतं. नंतर ब्रिटनमध्ये ए. ए. वेल्स यांनी रुंद वेल्ड केलेल्या प्लेटा थंड करून ओढल्या. वेल्ड आणि खाच एकत्र आल्यावर त्या अगदी कमी ताणाला फुटल्या. माझा कौल वेल्स यांच्या बाजूने आहे. मंडळाचं बरोबर होतं ते इतकंच, की नुसता कोंडलेला ताण जहाज मोडत नाही. पोलाद चिवट असेल तर ते जरासं वाकून तो ताण सोडून देतं. ठिसूळ पोलादाला ती सवड मिळत नाही.

मग काय केलं

त्याच अहवालाचे आकडे असे : वेल्ड केलेली 4,694 व्यापारी जहाजं तपासली, त्यांपैकी 970 मध्ये तडे गेल्याच्या घटना घडल्या होत्या. 24 जहाजांचा मुख्य डेक आडवा पूर्ण फाटला. 8 जहाजं गमावली, त्यांतली 4 दोन तुकडे होऊन. 26 माणसं गेली. युद्धाच्या मानाने 26 हा आकडा लहान वाटेल. पण स्केनेक्टडीनंतर दहाच आठवड्यांत, 29 मार्च 1943 ला, तिचंच भावंड असलेला ‘एसो मॅनहॅटन’ हा टँकर न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी तसाच मोडला. अशा जहाजांवर रात्री झोपणाऱ्या खलाशांचं काय होत असेल, ते आकड्यांत येत नाही.

पोलाद बदलायला वेळ नव्हता. युद्ध चालू होतं आणि पोलादाचे कारखाने पूर्ण जोरात होते. म्हणून आधी आकार बदलला. हॅचचे चौकोनी कोपरे गोल केले, कडेच्या प्लेटांमधल्या खाचा बंद केल्या. आणि मग, मला मनापासून गंमत वाटते ती गोष्ट : वेल्ड केलेल्या डेकमध्ये मुद्दाम लांब फट कापून तिच्यावर रिव्हेटने पट्टी ठोकली. धावता तडा त्या फटीत येऊन संपायचा. ठाणाला परत गोधडीची शिवण घातली. तड्यांच्या घटना घटल्या, त्याच पोलादात.

पोलादाचा नंबर युद्धानंतर लागला. जहाजबांधणीचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन ब्युरो ऑफ शिपिंग या संस्थेने 1948 च्या सुमारास प्लेटच्या जाडीप्रमाणे तीन वर्ग केले. मधल्या वर्गाला मँगनीजची मर्यादा घातली, सर्वांत जाड प्लेटांना बारीक कणांची अट. आज जहाजाच्या साध्या प्लेटवर ए, बी, डी किंवा ई असं अक्षर असतं. बी म्हणजे शून्य अंशाला चार्पीत किमान 27 ज्यूल, डी म्हणजे उणे 20 ला, ई म्हणजे उणे 40 ला. डेकच्या कडेला, म्हणजे जिथे स्केनेक्टडी फाटली त्या पट्ट्यात, मोठ्या जहाजांना चढ्या अक्षराची प्लेट लागते.

आणि स्केनेक्टडी? नदीतून उचलली, तुटलेला पट्टा कापून नवा बसवला आणि त्याच वर्षी ती तेल वाहायला निघाली. युद्ध संपलं, मालक बदलले, ती चालत राहिली. 1962 मध्ये इटलीतल्या जिनोआला तिला भंगारात काढलं, तेव्हा तिचे तुकडे करायला गॅस कटर वापरावे लागले.